माशी आणि दुर्बीण

श्रोतेहो, बंदूक आपल्यापैकी थोड्यांनीच हाती धरली असेल. पण गोट्या आणि गोफण खेळलेल्या प्रत्येकाला नेम म्हणजे काय ते ठाऊक आहे. रायफलीचा नेम साध्या माशीने धरावा की दुर्बिणीने, हा वाद जुना आहे. त्याचा आज थोडा विचार करू.

नळीच्या टोकाशी जो बारीक उंचवटा असतो, ती माशी. डोळ्याजवळ एक खाच किंवा भोक असते. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावयाची. सोपे वाटते, नाही का? पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. म्हणून जाणता शिक्षक सांगतो, "माशीकडे पाहा, लक्ष्य अंधुक दिसले तरी चालेल." याला हिशेबाचा आधार आहे. खाच आणि माशी यांत अर्धा मीटर अंतर धरा. माशी १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर चूक शंभरपट, म्हणजे १० सेंटिमीटर होते! समरूप त्रिकोण शिकविताना गुरुजींनी हे उदाहरण जरूर घ्यावे.

दुर्बिणीत लक्ष्य मोठे दिसते, आणि फुली व लक्ष्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. आमच्यासारख्या चाळिशी लागलेल्यांची तर मोठीच सोय! पण चौपट मोठे दाखविणारी दुर्बीण हाताचा कंपही चौपट दाखविते; तो थांबवीत मात्र नाही. फुली हलताना पाहून नवशिका घाबरतो आणि चाप हिसकतो. शिवाय काचेवर वाफ धरते, काच उन्हात चमकते. फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात साध्या माशीनेच नेम धरी. दुर्बिणीसाठी डोके अधिक वर काढावे लागते, हेही त्याचे एक कारण होते.

आता घरचे उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचे ब्राँझपदक मिळविले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत ही स्पर्धा होते. लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद, आणि रायफलीवर दुर्बीण लावण्यास नियमानेच बंदी!

म्हणून दुर्बीण टाकाऊ ठरते, असे मात्र नाही. दूरचे लक्ष्य नीट ओळखावयाचे असेल, तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. फक्त एक पथ्य पाळावे: रायफलीवरच्या दुर्बिणीतून सहज म्हणून कुणाकडे पाहू नये, कारण जिकडे दुर्बीण तिकडे नळी.

एन.सी.सी.तली तुमची मुले महाग साधनांवाचून अडून बसली, तर त्यांना एवढेच सांगा: श्वास आवरणे, खांदा स्थिर ठेवणे आणि चाप हळू दाबणे आधी माशीवर शिका. पुढे दुर्बीण हाती आली, तरी हेच शिक्षण उपयोगी पडेल.