सायकलचा रस्ता कोणी काढून घेतला?

(भांडगाव, ता. दौंड येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सायकलचा प्रश्न हा सुखवस्तूंच्या हौसेचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही रूढ आहे. रविवारी पहाटे महागड्या सायकलींवरून निघणारे जथे पाहून ती अधिकच दृढ होते. परंतु या समजुतीमुळे एक मूलभूत आर्थिक प्रश्न दृष्टीआड होतो. रस्ता ही सार्वजनिक मालकीची जमीन आहे. तिचे वाटप कोणत्या न्यायाने व्हावे, हा तो प्रश्न होय.

2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगार कामावर कसे जातात, याची नोंद झाली. देशभरात सुमारे 2 कोटी 60 लाख कामगार सायकलने जात होते. मोटारीने जाणारे सुमारे 54 लाख. पायी जाणाऱ्यांची संख्या तर साडेचार कोटींच्या घरात होती. म्हणजे मोटारवाल्या एका माणसामागे सायकलवाले जवळजवळ पाच होते. तरीही आपले रस्ते कोणाच्या सोयीने रुंद झाले, उड्डाणपूल कोणासाठी उभारले गेले, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एके काळी हे शहर सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. खडकीचे लष्करी कारखाने, पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, शहरातील कचेऱ्या आणि महाविद्यालये यांकडे जाणारी माणसे सायकलवर असत. पुढे आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी तयार होऊ लागल्या, 1972 मध्ये लूना आली; आणि ज्याला परवडले त्याने सायकल सोडली. यात त्या माणसाचा दोष नाही. शहर पसरत गेले, घर आणि कारखाना यांतील अंतर वाढले, बससेवा लोकसंख्येच्या मानाने अपुरी राहिली; तेव्हा कर्ज काढून दुचाकी घेणे हा त्याचा शौक नव्हता, ती त्याच्यावर लादलेली गरज होती. 2018 पर्यंत पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या 36 लाखांवर, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्याही पुढे गेली. सार्वजनिक वाहतुकीवर शासनाने जो खर्च टाळला, तो पेट्रोल आणि हप्ते यांच्या रूपाने कामगाराच्या पगारातून वसूल झाला.

या प्रवाहाविरुद्ध पुण्यातील जागरूक नागरिक 1980 च्या दशकापासून झगडत आले आहेत. ‘परिसर’सारख्या संस्थांनी पादचारी आणि सायकलस्वार यांची बाजू चिकाटीने मांडली. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे उद्दिष्ट ठरविले. त्याच वर्षी पुण्यात जलद बसमार्गाचा प्रयोग सुरू झाला आणि त्यालगत सायकल मार्गही बांधले गेले. 2017 च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे 800 किलोमीटरचे जाळे कल्पिलेले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोन-तीन वर्षांत बहुतांशी दिसेनाशाही झाल्या. मार्गांचेही तेच. कोठे त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, कोठे ते चौकाच्या तोंडाशी, म्हणजे नेमके धोक्याच्या जागी, संपले.

नागरिकांच्या प्रयत्नांत प्रामाणिकपणाची उणीव नव्हती. उणीव होती ती पाठबळाची. ज्यांना सायकल ही निकड आहे, तो बांधकाम मजूर, तो पहारेकरी, तो दूधवाला, यांची संघटित मागणी आराखड्याच्या मागे उभी राहिली नाही. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत वेतन असते, बोनस असतो. कामावर सुरक्षित पोहोचण्याचा हक्क क्वचितच असतो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एका मोटारीला उभे राहण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते; तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज मावतात. 2018 मध्ये रस्त्यावरील या जागेसाठी शुल्क आकारण्याचे धोरण पुण्यात पुढे आले, तेव्हा सामान्य माणसाच्या नावाने एकच गदारोळ झाला आणि ते पाच रस्त्यांपुरते आटोपले. दुचाकीवर विसंबलेल्या कामगाराची चिंता त्या विरोधात होती, आणि बससेवा सुधारल्यावाचून त्याच्यावर भार टाकणे अन्यायाचेच ठरले असते. परंतु त्याच्या आडोशाला मोटारवाल्याची फुकटची जागाही सुरक्षित राहिली, हे विसरता येणार नाही.

सायकलींचा देश म्हणून ख्यातनाम असलेल्या नेदरलँड्समध्येही हे आपोआप घडलेले नाही. तेथेही युद्धोत्तर काळात मोटारींनी रस्ते व्यापले होते. 1971 मध्ये अपघातांत 3,000 हून अधिक माणसे मेली; त्यांत 400 हून अधिक मुले होती. तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ या घोषणेखाली आईबाप रस्त्यावर उतरले. 1977 मध्ये ग्रोनिंगेन शहरात मजूर पक्षाच्या तरुण कारभाऱ्यांनी मध्यवस्तीचे चार भाग पाडून मोटारींना एका भागातून दुसऱ्यात थेट जाण्यास बंदी केली. व्यापारी संतापले, पण कारभारी डगमगले नाहीत. रस्त्याचे फेरवाटप हा राजकीय निर्णय असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

भांडगावातील श्रोत्यांना यात काय, असे कोणी विचारील. पुणे–सोलापूर महामार्ग याच गावावरून जातो. महामार्ग रुंद झाला की ट्रक आणि मोटारींचा वेळ वाचतो. पण पलीकडच्या शेतावर, शाळेत किंवा कारखान्यात सायकलने जाणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी मोजले, तेव्हा त्या वयाच्या मुलींच्या शाळाप्रवेशात सुमारे 30 टक्के वाढ आढळली. सायकल मुलीला शाळेपर्यंत नेते, हे यातून सिद्ध झाले. मात्र तिच्या वाटेत महामार्ग असेल, तर तो ओलांडण्याची सोय शासनाकडूनच घेतली पाहिजे.

भांडगावहून पुण्याला रोज सायकलने जावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु यवत, खुटबाव, केडगाव ही लोहमार्गावरील स्थानके सायकलच्या टप्प्यात आहेत. तेथे छपराखाली, पहाऱ्यातला सायकल तळ असावा. पाळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या गाड्या असाव्यात. महामार्गाच्या सेवा रस्त्यावर सायकलसाठी राखीव पट्टा आणि गावाजवळ सुरक्षित ओलांडणी असावी. आणि पुण्यात उतरल्यावर पुढच्या बसला जागा असावी. शहर सायकलस्नेही करण्याची चळवळ शहराच्या वेशीवर थांबू शकत नाही, कारण शहराचे श्रम वेशीबाहेरून येतात.

या मागण्या ग्रामसभेच्या ठरावांत आणि कामगार संघटनांच्या मागणीपत्रकांत आल्या पाहिजेत. पुण्यातील नागरिक संस्थांजवळ अभ्यास आहे, आराखडे आहेत. श्रमिकांजवळ संख्या आहे. या दोहोंची गाठ घालून देणे हे पक्ष कार्यकर्त्याचे काम आहे. ते झाले नाही, तर सायकल मार्ग नकाशावर वाढत राहतील आणि सायकलवाला मात्र रस्त्याच्या कडेला ढकलला जाईल.