पान उलटून पाहा

श्रोतेहो, ढगाळ हवा पडली की परसबागेतल्या वालाच्या, चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसू लागतो. भेंडीचे पान हलवले की पांढऱ्या माश्या उडतात. दोन्ही किडी पानातला रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. अशा वेळी जहाल औषध फवारण्याचा मोह होतो. तो आवरावा.

कारण त्याच झाडावर आपले राखणदारही असतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आपण ओळखतो. त्याची लांबट, काळपट अळी मात्र कीड समजून चिरडली जाते. वास्तविक तीच मावा फस्त करते. जहाल फवारणीत ती मरते. थोडा मावा मात्र उरतो, आणि नराशिवायच पिले देऊन काही दिवसांत पुन्हा झाड भरून टाकतो.

मग करायचे काय? माव्याने भरलेले शेंडे खुडावेत, बाकीचा मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. माशीसाठी पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून तो झाडांमध्ये टांगावा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर ते झाड उपटावे. हा विषाणू पांढरी माशीच पसरवते आणि त्यावर औषध नाही. युरियाही बेतानेच द्यावा. लुसलुशीत पाल्यावर मावा अधिक येतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, अर्क गाळून त्यात थोडा साबणचुरा विरघळवावा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारावा. पण त्याआधी पान उलटून पाहा. ढालकिड्याची अळी दिसली, तर चार दिवस थांबा.