एकत्र हरवलेली मुले : ॲडलेडची दोन प्रकरणे

एकाच घरातील दोन-तीन लहान भावंडे एकाच वेळी नाहीशी होणे ही इतकी विरळा घटना आहे, की तिच्याशी मिळतेजुळते दुसरे प्रकरण घडताच दोन्हींमागे एकच हात असावा, असा तर्क पोलिसांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्वत्र उचल खातो. वर्तनातील साम्यावरून गुन्ह्यांची अशी सांगड घालणे गुन्हेशास्त्राला मान्य असले, तरी त्यासाठी दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात : गुन्हेगाराची रीत दर वेळी बरीचशी तशीच राहते, आणि ती इतरांच्या रीतीहून वेगळी ओळखू येते. यांपैकी एक जरी ढासळली, तरी साम्य हा निव्वळ योगायोग ठरू शकतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी ॲडलेड येथील बोमाँट प्रकरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. 26 जानेवारी 1966 रोजी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दिनी, नऊ आणि सात वर्षांच्या दोन बहिणी व त्यांचा चार वर्षांचा भाऊ घराजवळच्या ग्लेनेल्ग समुद्रकिनाऱ्यावर बसने गेले आणि दुपारच्या बसने परतले नाहीत. तेथील हिरवळीवर एका उंच, सडपातळ, भुऱ्या केसांच्या पुरुषाबरोबर ती खेळताना अनेकांनी पाहिली होती. जवळच्या बेकरीत त्यांनी खाद्यपदार्थ घेतले ते एक पौंडाची नोट देऊन. आईने मात्र त्यांना बसभाड्यापुरती आणि खाण्यापुरती सुटी नाणीच दिली होती. थोरलीला समुद्रावर एक मित्र मिळाला आहे, असे धाकटीने पूर्वी घरी सांगितले होते आणि आईने ते एखाद्या बालमित्राविषयीचे बोलणे समजून सोडून दिले होते. हे दोन तपशील एकत्र ठेवले, की त्या माणसाने मुलांचा विश्वास आधीपासून, सावकाश मिळवला असावा, या अनुमानाला बळ येते, आणि साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

याउलट वेळेचा पुरावा डळमळीत निघाला. मुलांना चांगले ओळखणाऱ्या पोस्टमनने ती दुपारी दिसल्याचे प्रथम सांगितले, पण दोनच दिवसांनी ती बहुधा सकाळी दिसली असावीत, असे कळवले. प्रामाणिक साक्षीदाराच्या स्मृतीचे हे असे असते. आणि संशयिताची रेखाचित्रे नेमकी अशाच स्मृतीवरून काढली जातात.

25 ऑगस्ट 1973 रोजी त्याच शहरातील ॲडलेड ओव्हल या मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असताना अकरा आणि चार वर्षांच्या दोन मुली स्वच्छतागृहाकडे गेल्या आणि परतल्या नाहीत. तेच शहर, तशीच गर्दी, तशीच एकत्र नाहीशी झालेली मुले, आणि दोन्ही रेखाचित्रांत अनेकांना जाणवलेले साम्य, यांवरून दोन्ही प्रकरणे जोडली गेली आणि लोकांच्या मनात ती आजतागायत जोडलेलीच राहिली. परंतु या मुली बहिणी नव्हत्या, तर जवळपास बसलेल्या दोन वेगळ्या कुटुंबांतल्या होत्या. शिवाय, लहानगीला उचलून घाईने चाललेला पुरुष आणि त्याच्यामागे कासावीस होऊन जाणारी मोठी मुलगी असे दृश्य साक्षीदारांनी सांगितले. किनाऱ्यावर ओळख वाढवून मुलांना खुशीने सोबत नेणे आणि मैदानातून पोरीला उचलून पळवणे या दोन रीती एकाच माणसाच्या असूच शकत नाहीत असे नाही, पण सांगड घालण्यासाठी जी ठळक, वेगळी ओळखू येणारी रीत लागते, ती येथे दिसत नाही. उरते ती शहराची आणि वयांची जवळीक, आणि तेवढ्यावर एखाद्याला दोन्हींसाठी दोषी मानणे अन्यायाचे आहे.

अशा सैल तर्काची किंमत फार मोठी असते, कारण प्रत्येक नव्या संशयिताबरोबर आईवडिलांच्या मनात आशा पुन्हा जागी होते. बोमाँट दांपत्याने मुले परततील या आशेने कित्येक वर्षे ते घर सोडले नाही. 1966 साली एका डच अतींद्रियवाद्याला, म्हणजे इंद्रियांपलीकडचे दिसते असा दावा करणाऱ्याला, ॲडलेडला आणण्यात आले आणि पुढे त्याने सांगितलेली जागा खणूनही पाहण्यात आली. 1968 साली मुलांच्या नावाने आलेली पत्रे बनावट असल्याचे बऱ्याच वर्षांनी बोटांच्या ठशांवरून उघड झाले. आई 2019 साली आणि वडील 2023 साली वारले. नॉर्थ प्लिम्प्टन येथील एका जुन्या कारखान्याच्या आवारात 2013, 2018 आणि 2025 साली खोदकाम झाले, तेही निष्फळ ठरले. पाचही मुलांपैकी एकाचेही अवशेष आजवर मिळालेले नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकरणांना जोडू शकेल किंवा कायमचे वेगळे करू शकेल असा भौतिक पुरावाच तपासासाठी उपलब्ध नाही. माहिती देणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरपर्यंतचे बक्षीस मात्र दोन्ही प्रकरणांत स्वतंत्रपणे जाहीर झालेले आहे.