सांसर्गिक गर्भपात आणि गोठ्यातील स्त्री
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा संक्षेप)



गाभण गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडली, की शेतकऱ्याच्या घरी त्याचा हिशेब त्याच दिवशी मांडला जातो. वेत बुडाले, दूध गेले, कर्जाचा हप्ता थकला. त्याच घरातील सुनेचा गर्भ चौथ्या महिन्यात पडला, तर तो कोणत्याही वहीत चढत नाही. दोष तिच्या अंगाला किंवा नशिबाला लावला जातो आणि विषय मिटतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे आपल्या चळवळीने अद्याप गंभीरपणे लक्षात घेतलेले नाही.

पशुवैद्यक ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात, तो रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. 1887 साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जिवाणू शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे 1905 मध्ये झम्मित यांनी दाखविले. 1906 साली लष्कराच्या शिध्यातून ते दूध बंद झाले आणि सैनिकांचा ताप झपाट्याने ओसरला. बेटावरील सामान्य माणसे मात्र पुढे कित्येक दशके तापत राहिली. संरक्षण कोणाला आधी मिळते, याचा हा जुना दाखला आहे.

आपल्याकडे दूध बहुधा उकळून घेतले जाते, त्यामुळे तो मार्ग पुष्कळसा बंद होतो. खरा धोका गोठ्यात आहे. गाभडलेल्या जनावराची वार, गर्भजल व मृत वासरू यांत हे जिवाणू विपुल असतात आणि हाताच्या साध्या खरचटण्यातूनही शरीरात शिरतात. ती घाण उघड्या हातांनी उचलते कोण? बहुतेक घरांत बाईच, मग ती दिवसांची असो वा नसो.

गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचे द्रव्य असते, त्यावर हा जिवाणू पोसतो. मानवी वारेत ते नसल्याने स्त्रियांना तसा धोका नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. 2001 साली सौदी अरेबियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजाला धक्का दिला. गरोदरपणी या रोगाने आजारी पडलेल्या 92 स्त्रियांपैकी 43 टक्क्यांचा गर्भपात पहिल्या सहा महिन्यांत झाला होता. वेळीच प्रतिजैविके मिळालेल्यांत तो धोका पुष्कळ कमी होता. या रुग्णालयात आलेल्या रुग्ण स्त्रिया होत्या, त्यामुळे हा आकडा गावोगाव लावता येणार नाही, आणि बहुतेक गर्भपातांची कारणे निराळीच असतात. परंतु येऊन-जाऊन राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबर यांचे दुखणे ही लक्षणे टायफॉइड वा मलेरिया समजून हाताळली जातात. गोठ्यात काय घडले, हे डॉक्टरने विचारल्याशिवाय नेमकी रक्ततपासणी होतच नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने जनावरे हाताळण्याच्या कामातून जडणाऱ्या संसर्गाला व्यवसायजन्य रोग मानले. पण भरपाईला मालक लागतो. स्वतःच्या गोठ्यात राबणाऱ्या स्त्रीला मालक नाही, मजुरी नाही, म्हणून कायद्याच्या लेखी तिला व्यवसायही नाही! तिच्या श्रमाचे दूध मात्र लिटरने मोजून घेतले जाते.

केंद्र सरकारने 2019 साली लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस यांच्या नियंत्रणासाठी पाच वर्षांचा 13,343 कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना एकदा लस टोचण्याची ही योजना योग्यच आहे. मात्र आधीच बाधित झालेले जनावर लसीने बरे होत नाही. युरोपात अशी जनावरे तपासून, मालकाला भरपाई देऊन मारली गेली. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे. मग गरीब शेतकरी गाभडलेली गाय गुपचूप बाजारात नेतो आणि रोग दुसऱ्या गोठ्यात जातो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. गोरक्षणाचे श्रेय सरकारने घेतले आणि खर्च त्याच्या माथी मारला. बाधित गाय सरकारने वाजवी किमतीला विकत घेऊन वेगळी सांभाळावी, ही मागणी दूध दराच्या मागणीइतक्याच जोराने मांडली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी गावात इतके तरी पाहावे: दूध संस्थेने सभासदांना रबरी हातमोजे व चुना पुरवावा, वार उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावी, गाभडलेल्या जनावराजवळ गरोदर स्त्रीला जाऊ देऊ नये. आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात एखाद्या गोठ्याची नोंद झाली, की त्या घरातील स्त्रियांची नावे आशा सेविकेमार्फत त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणीसाठी पोहोचली पाहिजेत.