पुस्तकांची पेटी

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



उत्सवात सर्वांसाठी मोफत पुस्तक महोत्सव भरवावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना उत्तमच आहे. परंतु पहिल्या वर्षी हौसेने सगळे धावतात; तिसऱ्या वर्षी सतरंज्या कोण घालणार, हा खरा प्रश्न असतो.

आपल्या गावाला पुस्तके नवीन नाहीत. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या लढाईत झाशीतच होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात इथल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचे वर्णन आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या त्या पोथ्या एप्रिल 1858 मध्ये इंग्रज फौजेच्या लुटीत गेल्या. सगळे एकाच जागी होते, ते एकाच वेळी गेले.

आता नाशिककडे वळू. आपला किल्ला वाढवणारे सुभेदार नारोशंकर यांचे देऊळ तिथे गोदाकाठी आहे, म्हणजे नाते जुनेच. त्या नाशिकात 2009 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. ग्रंथालयात वाचक येत नाहीत, तर ग्रंथच वाचकांकडे न्यावेत, इतका साधा विचार. 100 पुस्तकांची एक पेटी, ती सांभाळणारा एक समन्वयक, आणि त्याच्याभोवती शेजारपाजारचे वाचक. काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. वाचकाला एक पैसाही पडत नाही. मग पैसा येतो कोठून? वाढदिवसाला, आई-वडिलांच्या स्मरणार्थ लोक देणगी देतात, त्यातून पेट्या तयार होतात. 2014 साली या पेट्या दुबईलाही पोहोचल्या.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की एकही मोठा देणगीदार नाराज झाला म्हणून हे काम बंद पडणार नाही. एकाच फलकावर एकाच शेठजींचे नाव असले, की पुढच्या वर्षी त्यांची मर्जी सांभाळण्यातच कमिटीचा वेळ जातो. (हसू नका, आपण सर्वांनी हे पाहिले आहे!)

महाबळेश्वरजवळचे भिलार 4 मे 2017 रोजी 'पुस्तकांचे गाव' झाले. तेथे शासनाने पुस्तके दिली, गावकऱ्यांनी घरातील खोल्या दिल्या, चित्रकारांनी येऊन भिंती रंगवल्या. ज्याच्याकडे जे होते ते त्याने दिले.

आपल्याकडे काय आहे? मंडळाची जागा आहे. दहा दिवसांची गर्दी आहे. आपली मुले मराठी बोलताना अडखळतात, पण शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी झरझर वाचतात; ही सोय परदेशातल्या मराठी मुलांना नाही. म्हणून मराठी पुस्तकांशेजारी हिंदी पुस्तके ठेवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यामुळे शेजारी येतील, शाळा-महाविद्यालये सहभागी होतील. वृंदावनलाल वर्मांच्या गावात हिंदीला दुसऱ्या रांगेत बसवणे बरे दिसणार नाही.

एक अडचण मात्र खास आपली आहे. रेल्वेत बदली होते, बँकेत बदली होते. धडपड करणारा माणूस गेला की कपाटाची किल्लीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक पेटीला दोन सांभाळणारे असावेत, त्यातला एक तरी इथलाच कायमचा रहिवासी असावा. काही पुस्तके परत येणार नाहीत, हे आधीच धरून चालावे. हरवलेल्या पुस्तकावरून कोणाच्या दारी तगादा लावला, तर ते घर आणि त्यातले वाचक दोन्ही गमवाल.

दहा दिवसांत पुस्तके मांडू. विसर्जनानंतर त्यांच्याच पेट्या करून घरोघरी फिरवू. सुरुवातीला तीन पेट्या पुरेत. कोरडी जागा हवी, कारण इथल्या पावसाळ्यात वाळवी काय करते हे जुन्या पोथ्या असलेल्या घरांना ठाऊक आहे. ज्यांना पेटी ठेवून घेता येईल, त्यांनी आज आरतीनंतर कार्यवाहांकडे नाव द्यावे, आणि सोबत दुसऱ्या सांभाळणाऱ्याचेही.