मत एका दिवसाचं, संघटना रोजची

(आर्णी इथे झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण)



कापूस वेचणीचे दिवस आहेत. आजची मजुरी बुडवून आलेल्या बायाही इथं बसल्यात, म्हणून मुद्द्याचंच बोलते. 'अमेरिकेची लोकशाही आणि आपण' हा विषय ऐकून काहीजणी हसल्या. आर्णीत बसून अमेरिकेचं काय करायचं? पण हा विषय आपल्यासाठी एका मराठी बाईनंच फार पूर्वी मांडून ठेवलाय.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा, 1886 साली, पंडिता रमाबाई त्यांच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या आणि अडीच वर्षांहून जास्त काळ तिथं राहिल्या. 1889 मध्ये त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघालं. तिथला राज्यकारभार कसा चालतो हे त्यात आहे, आणि बायकांच्या संघटना कशा चालतात हेही आहे.

त्या काळी तिथल्या बहुतेक बायकांना मताचा अधिकार नव्हता. पण 1874 साली त्यांनी दारूविरोधी संघटना काढली होती. 'वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन' हे तिचं नाव, आणि रमाबाई तिथं होत्या तेव्हा फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष होत्या. गावोगाव शाखा, सभासदांची वर्गणी, सह्यांचे अर्ज, सभा. रमाबाई स्वतः या संघटनेशी जोडल्या गेल्या. हातात मत नसलेल्या बायका पुढाऱ्यांना जाब विचारत होत्या, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढची गोष्ट रमाबाई परतल्यानंतरची आहे. 1920 च्या जानेवारीत अमेरिकेत देशभर दारूबंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली. कागदावर तो सगळ्यांचा होता. पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना मतपेटीपर्यंत पोचू दिलं गेलं नाही. त्यासाठी 1965 चा कायदा यावा लागला. तोवर आपल्याकडच्या बाया 1952 पासून मत देत होत्या, हे लक्षात ठेवा.

आणि दारूबंदी? चोरटी दारू वाढली, टोळ्या माजल्या. 1929 मध्ये बायकांचीच दुसरी संघटना उभी राहिली, ती बंदी उठवा म्हणणारी. 1932 च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षानं ती मागणी उचलली आणि तो निवडून आला. 1933 च्या डिसेंबरात बंदी उठली. म्हणजे लोकांनी संघटना बांधायची, पक्षाला मागणी उचलायला लावायची, निवडणुकीत ती तोलून पाहायची. ज्या रस्त्यानं कायदा आला, त्याच रस्त्यानं तो गेला.

आता शेजारच्या चंद्रपूरकडे बघा. तिथल्या बायांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी मोर्चा नेला. वर्षानुवर्षं लढल्या. 2015 मध्ये एका सरकारनं जिल्ह्यात दारूबंदी केली. 2021 मध्ये दुसऱ्या सरकारनं ती उठवली. कारणं तीच सांगितली गेली : चोरटी दारू, गुन्हे. त्या कारणांत काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. बंदी आणताना बायांची ताकद दिसली, मग उठवताना ती का मोजली गेली नाही? पक्षांना आपली गरज निवडणुकीपुरती वाटते, कारण आपणही त्यांना निवडणुकीपुरत्याच दिसतो. 2014 च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदी आपल्याच तालुक्यातल्या दाभडीला शेतकऱ्यांशी चहावर बोलायला आले. त्याआधी 2008 मध्ये राहुल गांधींनी याच जिल्ह्यातल्या जळक्याच्या शेतकरी विधवेचं नाव लोकसभेत घेतलं. पाहुणे आले म्हणून आपण हरखायचं कारण नाही. ते गेल्यावर आपण काय करतो, ते महत्त्वाचं.

एका गावाची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, त्या बाया इथं बसल्यात. 2008 च्या सरकारी आदेशानं बायांना गावातलं परवान्याचं दारू दुकान मतदानानं बंद करायचा मार्ग दिला. चिन्हं दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. त्या बायांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, कचेरीत खेटे घातले, मतदान लावून घेतलं. मतमोजणीत आडवी बाटली कितीतरी पुढं होती. तरी दुकान राहिलं! कारण पडलेल्या मतांची निम्मी पुरत नव्हती, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत होती. यादीत सासरी गेलेल्या लेकी होत्या, मेलेल्या म्हाताऱ्या होत्या, ऊसतोडीला गेलेल्या बाया होत्या. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्यासारखी झाली.

त्या रात्री एक बाई मला म्हणाली, "ताई, आमाले मेलेल्यायनं हरवलं." मी एम. एस. डब्ल्यू. करताना लोकशाहीवर पानंच्या पानं लिहिली होती. पण मोहिमेआधी मतदार यादी उघडून वाचावी, हे मला सुचलं नव्हतं. ती चूक माझी होती.

म्हणून आज घोषणा न देता एक काम देते. मागच्या टेबलावर गावांच्या मतदार याद्या ठेवल्यात. आपापल्या गावाची काढा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी सांगायचं, ही आहे, ही गेली, ही सुरतेला आहे. मयतांच्या नावांसाठी नमुना 7, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना 8, नव्या सुनांचं आणि अठरा पूर्ण झालेल्या पोरींचं नाव कुठंच नसेल तर नमुना 6. आपला बीएलओ कोण ते विचारून घ्या. निवडणूक लागायची वाट बघू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

त्या गावातल्या बायांनी आपली यादी वाचून काढली आहे. पुन्हा सह्या करायच्या की नाही, ते त्या ठरवतील. या खेपेला त्यांना निदान माहीत आहे की गावात जित्या बाया किती आहेत.