संगणकाची पदव्युत्तर पदवी आणि नेतृत्वाचे शिक्षण
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात पेठ येथे केलेले भाषण)





मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. प्रोग्रॅम कसा लिहावा हे मी तुम्हाला काय सांगणार? परंतु दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमपुढे मी दिवसभर बसतो आणि त्याचे बरेवाईट परिणाम काउंटरपलीकडच्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहतो. तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

आपल्या भागातील एखादी आजी पैसे काढायला येते, यंत्रावर अंगठा ठेवते. जन्मभर भात-नागलीची लावणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र सांगते, जुळत नाही. आजीला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. आता, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे गणित बरोबरच असेल. पण असा अंगठा त्याने पाहिलेला नसतो, आणि ज्याने पाहिला आहे त्याला कोणी विचारलेले नसते. हे विचारणे, ऐकून घेणे, दहा सहकाऱ्यांना पटवून ते कामात उतरवणे, यालाच मी नेतृत्व म्हणतो. हारतुरे आणि फलकावरचा फोटो म्हणजे नेतृत्व नव्हे. ते आपल्याकडे पुष्कळ झाले.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे नाव जगापुढे ठळकपणे आले ते १९६८ साली, जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत. मोठमोठे प्रोग्रॅम वेळेत पूर्ण होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता, म्हणून तज्ज्ञ तेथे जमले होते. आय.बी.एम. कंपनीत एका प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. कारण नव्याला समजावून सांगण्यातच जुन्याचा वेळ जातो. म्हणजे अडचण यंत्रापेक्षा माणसांच्या मेळाची अधिक! म्हणूनच या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रकल्प व्यवस्थापन आणि संघकार्य यांना स्थान मिळाले. पुणे विद्यापीठात तर एम.सी.ए. ही पदवी व्यवस्थापन शाखेखालीही शिकवली गेली.

आपल्याला हे परके वाटू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, भिक्खूसंघाला सभेचे नियम ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याची रीत, गणसंख्या, मतमोजणी, सारे काही तेथे होते. वज्जी लोक वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची वृद्धीच होईल, असे तथागतांनी सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आहे. नेतृत्व उपजत असते असे बाबासाहेबांनीही मानले नाही. १९५६ साली त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालयच काढले. त्याच वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ते काम पुढे वाढले नाही, ही आपली मोठी हानी.

आता घरातला प्रश्न. मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाली की वडील म्हणतात, पुरे झाले, नोकरी धर. घरची ओढाताण मला समजते. कर्जाचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. पण आपली मुले हुशार असूनही सांगितलेले काम करणाऱ्यांच्या रांगेतच राहिली, तर काय बनवायचे आणि कोणासाठी, हे दुसरेच ठरवतील. माऱ्याची जागा आज तेथे आहे. माझे मत स्पष्ट आहे: जमत असेल तर ही दोन वर्षे द्यावीत. २०२० पासून एम.सी.ए. तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. प्रवेशासाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

ज्यांना नोकरी सोडून शिकता येत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. पिलानीची बिट्स ही संस्था नोकरी करणाऱ्यांना सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची एम.टेक. देते. विप्रोसारखी कंपनी बी.एस्सी., बी.सी.ए. झालेल्यांना कामावर घेऊन, स्टायपेंड देऊन एम.टेक. शिकवत आली आहे. मात्र तेथे ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार असतो. तो घरी आणून, दोन जाणत्यांना दाखवून मगच सही करा.

एक सावधगिरीही सांगतो. जाहिरातीत ‘लीडरशिप’ लिहिले म्हणून भरमसाट फी भरू नका. इंग्रजी झोकात बोलणे आणि टाय बांधणे एवढेच काही ठिकाणी शिकवतात. अभ्यासक्रम मागून घ्या. विद्यार्थ्यांचे गट करून खऱ्या ग्राहकासाठी प्रकल्प करावा लागतो काय, हे विचारा. असेल तर गटात कागदपत्रे सांभाळण्याचे काम घेऊन मागे बसू नका. सभा चालवण्याचे काम मागून घ्या. इंग्रजी अडखळले तरी चालेल.

आणि हो, जात वैधता प्रमाणपत्रासाठी प्रवेशाच्या तोंडावर धावाधाव करू नका. आजोबांच्या शाळेचा दाखला आजच शोधायला लागा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, त्यासाठी बँकखाते आधारशी जोडलेले हवे. त्या कामासाठी माझ्याकडे केव्हाही या.

जय भीम!